आधी फळी मोज

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलाने होडीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे आमच्या संपादक मंडळाला प्रथम जरा विचित्रच वाटले. "ललित दे, कविता दे, निदान एखादे प्रवासवर्णन तरी दे," असा त्यांचा आग्रह होता. पण माझ्याजवळ कविता नाही. माझ्याजवळ आहे ते एका पंधरा इंची शाफ्टचे प्रकरण. त्याने आमच्या घराची तीन वर्षे खाल्ली. आपल्या महाविद्यालयात किनाऱ्यावरून येणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांतील काहींच्या घरी यंदा ना पुढल्या वर्षी इंजिन घेण्याचा विचार होईलच. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांचा होडीशी संबंध फक्त ताटातल्या बांगड्यापुरता, अशा मित्रांनी आणि गुरुजनांनीही वाचावे. गणित सोपे आहे, आणि कर्ज काढणाऱ्या माणसाने कोणता प्रश्न आधी विचारावा, याचा हा एक नमुना आहे.

आम्ही देवबागकडचे गाबीत. कर्ली नदी देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते, तेथून बाहेर पडून आमच्या होड्या जाळी टाकतात. आमची होडी वीस फुटांची, लाकडी, वरून फायबरचा लेप दिलेली. 2018 सालच्या नारळी पौर्णिमेनंतर बाबांनी आणि काकांनी मिळून तिला एक जुने इंजिन घेतले. तोवर दुसऱ्याचे इंजिन भाड्याने आणून काम चालायचे. मी तेव्हा आठवीत होतो. इंजिन दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचे, वापरलेले पण आवाज खणखणीत. आणि स्वस्त! विकणाऱ्याने दोरी ओढून ते पिंपातल्या पाण्यात चालवून दाखवले, आणि बाबांनी शाफ्टचा विषय काढला तेव्हा "सगळी सारखीच असतात" असे म्हणून तो विषय मिटवला. बाबांनीही मिटू दिला. पैसे कमी पडत होते, आणि कमी पैशांत हे बसत होते.

घाटावर राहणाऱ्या वाचकांसाठी थोडे मागे जाऊन सांगतो. होडीच्या बाहेर, पिछाडीला टांगतात ते इंजिन तीन भागांचे असते. वर डोके, म्हणजे प्रत्यक्ष यंत्र. खाली पाण्यात पाय, म्हणजे पंखा आणि त्याचे गिअर. आणि या दोहोंना जोडणारी उभी मांडी. तिच्या आतून शाफ्ट खाली जातो आणि पंख्याला फिरवतो. डोक्याखाली दोन मोठे चिमटे असतात. ते होडीच्या पिछाडीच्या उभ्या फळीवर बसवून आवळायचे, की इंजिन बसले. आपल्याकडील जुन्या घडणीच्या होड्या दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. त्यांना अशी फळीच नसते, म्हणून बाजूला लाकडी अथवा लोखंडी टेकू काढून त्यावर इंजिन टांगावे लागते. आता नव्या होड्या बांधतानाच पिछाडी कापून सपाट करतात, त्या या इंजिनासाठीच.

अशी इंजिने बाजारात रुजली ती 1909 सालापासून. अमेरिकेतील मिलवॉकी शहराचा ओल एव्हिनरूड हा जन्माने नॉर्वेजियन कारागीर. उन्हाळ्याच्या दिवशी आपल्या भावी पत्नीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला तो वल्ही मारीत गेला आणि परत येईतो ते वितळून गेले, त्या चिडीतून त्याने हे यंत्र केले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, वल्ही मारणाऱ्याला ती पटते. त्याच्या आधीही एकदोघांनी असे प्रयत्न केले होते. परंतु टिकले ते याचे.

हे इंजिन होडीपासून वेगळे विकले जाते. इथेच सारी गोम आहे. होडी बांधतो आमचा सुतार, इंजिन बनते परदेशात, आणि दोघांची गाठ पडते ती एका फळीवर. सुताराने फळी किती उंच ठेवली, हे कारखान्याला ठाऊक नसते. म्हणून कारखाने एकच इंजिन निरनिराळ्या लांबीच्या शाफ्टचे काढतात. प्रचलित मापे 15 इंच, 20 इंच आणि 25 इंच अशी आहेत. मोठ्या इंजिनांत 30 इंचही मिळते. पंधराचा तो आखूड, विसाचा लांब, पंचविसाचा अतिलांब. इंजिनाच्या नावामागे किंवा अंकामागे बहुधा एखादे अक्षर असते, एस, एल किंवा एक्स. तेच हे माप सांगते. पण वापरलेल्या इंजिनावरची चिठ्ठी कोणी वाचायची? ती खाऱ्या पाण्याने केव्हाच नेलेली असते.

आमचे इंजिन पंधराचे होते. फळी साडेवीस इंच उंच होती. ही दोन्ही मापे आम्हांला नंतर कळली, पैसे दिल्यानंतर.

पंख्याच्या डोक्यावर, त्याला आडवी, अशी एक चपटी पट्टी असते. मेकॅनिक तिला 'कॅव्हिटेशन प्लेट' म्हणतात. शाफ्टची लांबी मोजायची ती वरच्या चिमट्याच्या आतल्या बाजूपासून, म्हणजे जो भाग फळीच्या कडेवर टेकतो तेथपासून, या पट्टीपर्यंत. पुष्कळ लोक इंजिन उभे करून डोक्यापासून तळापर्यंत टेप लावतात, किंवा पंख्याच्या मध्यापर्यंत मोजतात, दोन्ही चूक. आणि नियम असा की, इंजिन बसवल्यावर ही पट्टी होडीच्या तळाच्या सरळ रेषेत यावी, किंवा फार तर इंचभर खाली. म्हणजे पट्टीखालचा सगळा पंखा तळाच्या खालच्या, न ढवळलेल्या पाण्यात राहतो.

आता आमचा हिशेब करा. फळी साडेवीस, शाफ्ट पंधरा. पट्टी तळाच्या साडेपाच इंच वर! म्हणजे पंख्याचा जवळजवळ अर्धा भाग होडीच्या फळीच्या आडोशाला, जेथे पाणी सरळ येतच नाही. होडीत जाळी भरलेली, माणसे पिछाडीला बसलेली असली की पिछाडी नऊ इंच पाण्यात बसे, तेव्हा पट्टीवर कसेबसे साडेतीन इंच पाणी राही आणि खाडीत होडी चाले. म्हणून पहिले आठ दिवस सगळे खूष. रिकामी होडी असली म्हणजे पिछाडी पाच-सहा इंचच बसे. मग पट्टी पाण्याच्या पातळीला येई आणि पंखा वरून हवा ओढू लागे. एकाएकी इंजिन किंचाळल्यासारखे ओरडे आणि होडी मात्र जागच्या जागी. बाबा म्हणत, "इंजिन बरा आसा, पण पाणी धरीत नाय."

पाणी धरीत नाही म्हणजे काय? पंखा पाणी मागे ढकलतो म्हणून होडी पुढे जाते. हवा पाण्यापेक्षा आठशे पटींनी हलकी. पंख्याच्या पात्यांना पाण्याऐवजी हवा लागली की ढकलायला काही उरतच नाही. इंजिनावरचा भार नाहीसा होतो आणि ते बेफाम फिरू लागते. पुढल्याच क्षणी पंखा पुन्हा पाण्यात बुडतो आणि तो सगळा वेग एका धक्क्याने अडतो. हा धक्का गिअरला बसतो, पंख्याच्या मधल्या रबराला बसतो, जुन्या इंजिनांत पंख्याची पिन तुटते. शिवाय इंजिन थंड ठेवणारे पाणीही खालच्या पायातूनच आत ओढले जाते. तो भाग वारंवार उघडा पडला की पाण्याऐवजी हवा जाते, पंपातले रबरी चक्र कोरडे फिरून जळते आणि इंजिन तापते. चालू इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते, ती पाहून थंडावा चालू आहे असे ओळखतात. त्या धारेला आमच्या वाडीत जे नाव आहे, ते वार्षिकांकात छापता येणार नाही.

या पट्टीचे नाव खरे तर चुकीचे आहे. कॅव्हिटेशन म्हणजे वरून हवा ओढणे नव्हे. पंखा फार जोराने फिरला की पात्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की तेथील पाणी थंडच्या थंड उकळते आणि त्याचे वाफेचे बुडबुडे होतात. चार्ल्स पार्सन्स याने 1894 साली 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका केली, तेव्हा एकाच पंख्याने तिला हवा तो वेग येईना, याचे कारण हेच निघाले. शेवटी त्याने तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे बसवले. आमच्या होडीचे दुखणे इतके थोर नव्हते. तिला नुसती हवा लागत होती. पण मेकॅनिकांनी नाव ठेवले ते राहिले, आणि नाव चुकीचे असले तरी पट्टी आपले काम करते: ती झाकणासारखी पंख्यावर राहून वरची हवा खाली ओढली जाऊ देत नाही. मात्र ती स्वतः पाण्याखाली असली पाहिजे.

खाडीत हे सारे नुसते त्रासाचे. खाडीच्या मुखाशी ते जिवावरचे. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते, समोरून समुद्राची लाट येत असते, आणि खाली वाळूचा दांडा. तिन्हींच्या भांडणात लाट आखूड आणि उभी होते. मोठी लांब लाट होडीला पाळण्यासारखी वर नेते आणि खाली आणते. आखूड लाट तिला फळकुटासारखी पुढेमागे झुलवते. वीस फुटांच्या होडीची पिछाडी मध्यापासून दहा फुटांवर. होडी नाळेकडे नुसती पाच अंश झुकली तरी पिछाडी दहा इंचांहून थोडी अधिक उचलली जाते. मागून पाणीही थोडे वर येते, म्हणून सगळेच्या सगळे दहा इंच उघडे पडत नाहीत. पण ज्या पंख्यावर मुळात साडेतीन इंच पाणी, त्याला दहातले पाच पुरतात.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास काकांची ओरड मी स्वतः किनाऱ्यावरून ऐकली: "पंखो वर इलो!" इंजिन किंचाळले, होडीचा जोर गेला, आणि जोर गेला की सुकाणही गेले, कारण या इंजिनाला वेगळे सुकाणू नसते, पंख्याचा झोतच होडीला वळवतो. होडी लाटेला आडवी झाली. दोघांनी वल्ही काढून तिला कशीबशी नाळेवर आणले. त्या दिवशी काही गेले नाही. फक्त बाबा दोन दिवस फारसे बोलले नाहीत.

आमचे आजोबा तेव्हा होते. सबंध आयुष्य शिडावर आणि वल्ह्यावर काढलेला माणूस, इंजिनाला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. ते ओट्यावरून एवढेच म्हणाले, "आधी फळी मोज, मगे इंजिन बघ." पण इंजिन तर घेऊन झाले होते! मग आम्ही काय केले? आम्ही फळी मोजली, आणि फळीच कापली.

जानेवारी 2019 मध्ये सुताराकडून पिछाडीच्या फळीला मधोमध पाच इंच खोल खाच पाडून घेतली. इंजिन पाच इंच खाली बसले. पट्टी तळाच्या जवळपास रेषेत आली. पंख्याने पाणी धरले, होडी अशी पळू लागली की पाहत राहावे. उन्हाळाभर सगळे सुरळीत. खर्च सुताराच्या दीड दिवसाच्या मजुरीचा. ही युक्ती मी शाळेत मित्रांना अभिमानाने सांगितली होती, हेही कबूल करतो.

चूक कोठे होती ती पाहा. साडेवीस इंचांची फळी, तीत नऊ इंच पाण्याखाली. म्हणजे पाण्यावर साडेअकरा इंच. खाचेपाशी त्यातले पाच गेले. राहिले साडेसहा इंच. एक वीतसुद्धा नाही. होडीच्या सबंध काठावर सर्वांत खालची जागा आता पिछाडीला, बरोबर इंजिनापाशी, आणि तिथेच चाळीसेक किलोचे ते इंजिन होडीला मागे दाबत असलेले. कारखान्यात बनणाऱ्या ज्या होड्यांची फळी मुळातच खाली असते, त्यांना त्या फळीच्या आतल्या बाजूला दुसरी एक उंच आडभिंत देतात. मागून आलेले पाणी दोहोंमधल्या हौदात पडते आणि भोकांतून बाहेर जाते, होडीत येत नाही. आम्ही खाच पाडली, आडभिंत केली नाही. कोणाला सुचलेच नाही.

सप्टेंबर 2019. हंगाम नुकताच सुरू झालेला. बाबा आणि काका जाळे ओढून परत येत होते. जाळे ओले, मासळीही बऱ्यापैकी, सगळे ओझे मागे. मुखाशी येताना लाट पाठीमागून असते. होडी लाटेच्या वेगाने जात राहिली तर लाट मागे राहते. जरा वेग कमी पडला की ती पिछाडीवर चढते. एक चढली. खाचेतून आत आली. पिछाडी आणखी बसली, म्हणून दुसरी सहज आली. इंजिन पाणी पिऊन बंद पडले. तिसरीला होडी उलटली.

बाबा आणि काका पोहून वाळूच्या दांड्यावर आले. बाबांचा खांदा होडीच्या काठावर आपटला होता. तो अजून पावसाळ्यात दुखतो. होडी दुसऱ्या दिवशी ओढून काढली. जाळे मिळाले नाही. इंजिन एक दिवस आणि एक रात्र खाऱ्या पाण्यात होते. असे इंजिन काही तासांत उघडून गोड्या पाण्याने धुऊन तेल दिले तर वाचते. एवढ्या वेळाने नाही. कर्ज मात्र पाण्यात बुडत नाही. त्यानंतर तीन हंगाम बाबा दुसऱ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून गेले.

एवढे झाल्यावर मी वाचू लागलो. प्रथम इंजिनांची इंग्रजी माहितीपत्रके, मग जे सापडेल ते. वाचताना एक गंमत दिसली. या प्रश्नावर सर्वांत अधिक काथ्याकूट अमेरिकेतील हौशी मासेमारांनी केलेला आहे, आणि तोही आपल्यासारख्या इंजिनाबद्दल नव्हे. त्यांच्याकडे गोड्या पाण्याची तळी फार. गळ टाकून बास नावाचा मासा पकडणे हा तिथला मोठा छंद. मोठ्या इंजिनाने जागेवर जायचे आणि ते बंद करून एका लहानशा विजेच्या मोटारीवर, बॅटरीच्या जोरावर, मासा बुजू नये म्हणून आवाज न करता हळूहळू सरकायचे. या मोटारीला ट्रोलिंग मोटार म्हणतात. चालत्या होडीमागे गळ ओढीत नेण्याला इंग्रजीत ट्रोलिंग हा शब्द आहे, त्यावरून. 1934 साली नॉर्थ डकोटातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट याने फोर्ड गाडीच्या स्टार्टरची मोटार घेऊन अशी एक बनवली आणि शेजारच्या मिनेसोटा व डकोटा या नावांतून तिचे नाव 'मिन कोटा' ठेवले. ते नाव आजही बाजारात आहे.

या मोटारी बहुधा होडीच्या नाळेवर बसवतात, म्हणजे आपल्या अगदी उलट टोकाला. नाळ पिछाडीपेक्षा उंच, आणि लाटेत झुलणारीही तीच. म्हणून त्यांचे शाफ्ट आपल्यापेक्षा कितीतरी लांब, तीन फुटांपासून पाच फुटांपर्यंत आणि त्याहूनही पुढे. मोजण्याची रीतही वेगळी. तळाचा तेथे संबंध नाही. मोटार जिथे बसणार त्या जागेपासून खाली पाण्याच्या पातळीपर्यंत टेप सोडायची, त्यात मोटार सुमारे फूटभर बुडेल एवढी लांबी मिळवायची, उघड्या लाटांच्या पाण्यात जायचे असेल तर आणखी पाचेक इंच, आणि वर हाताशी उरेल तो भाग वेगळा. नाळ पाण्यापासून वीस इंच उंच असेल तर चार-साडेचार फुटांचा शाफ्ट लागतो. त्यांचा नियम असा की शंका आली तर लांब घ्यावा. त्यांना ते परवडते, कारण त्या मोटारीचा शाफ्ट एका कड्यातून वरखाली सरकतो. पाणी उथळ आले, वर ओढला. खोल आले, खाली सोडला.

आपल्या इंजिनाला असे सरकणारे कडे नाही. त्यामुळे 'शंका आली तर लांब' हा नियम आपल्याला जसाच्या तसा उचलता येत नाही. पंधरा इंचांच्या फळीवर पंचविसाचा शाफ्ट लावला तर पाय दहा इंच जास्त खोल लोंबतो. पाण्याचा अडथळा वाढतो, पेट्रोल जास्त जाते, खोलवरच्या पंख्याचा रेटा फळीला मोठ्या तरफेसारखा पिळतो. आणि कर्लीच्या मुखासारख्या ठिकाणी, जिथे गेल्या अमावास्येला पाणी होते तिथे या पौर्णिमेला वाळू असते, पाय तळाला लागतो. दहाएक हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा पट्टीखालचा भागच सुमारे फूटभर असतो. त्यात दहा इंच मिळवा. इंजिन आपटल्यावर मागे उचलले जाते हे खरे. पण ते उचलले गेले की पंखा पाण्याबाहेर, आणि आपण लाटेच्या तोंडी.

तरीही, दोन चुकांतली एक करायचीच असेल तर आमच्यासारख्या जड, संथ होडीने लांबाच्या बाजूची करावी, असे माझे मत आहे. पाण्यावर तरंगत उडणाऱ्या वेगवान बोटीला दोन इंच जास्त खोल पाय जाणवतो. जाळ्याने भरून पाणी कापीत जाणाऱ्या होडीला तो फारसा जाणवत नाही. आखूड पंखा मात्र तिला प्रत्येक लाटेला जाणवतो.

मोजायचे कसे, ते आता सांगतो. हे काम दहा मिनिटांचे आहे. होडी वाळूवर ओढलेली असताना एक सरळ काठी तिच्या तळाला लांबीच्या दिशेने लावा, अशी की तिचे टोक पिछाडीच्या मागे हातभर बाहेर येईल. फळीच्या मधोमध, जिथे चिमटा बसणार त्या कडेपासून, खाली काठीपर्यंत टेप धरा. फळी थोडी मागे कललेली असते, टेपही मग तिरकी जाते. पण नेहमीच्या कलात त्याने अर्ध्या इंचाचाही फरक पडत नाही, त्यासाठी भांडत बसू नये. पठाण पिछाडीपर्यंत जाड उतरलेली असेल तर मात्र जपा. तिच्यामागे पाणी घुसळलेले, हवेचे येते. अशा वेळी पठाण शेवटच्या एकदोन फुटांत सुताराकडून निमुळती करून घ्यावी, नाहीतर पट्टी तिच्याही खाली उतरेल असे माप धरावे.

हे माप पंधरा-सोळा आले तर आखूड, वीस-एकवीस आले तर लांब, पंचविसाच्या आसपास आले तर अतिलांब. इथवर दुकानदारही सांगेल. घोळ होतो तो सतरा-अठरा आले म्हणजे. तेव्हा विसाचा घ्यावा आणि फळीवर दोन-अडीच इंचांचे सागवानी लाकूड चढवून, बोल्टने पक्के करून, फळीच उंच करावी. उंच केलेली फळी पाणी बाहेर ठेवते. कापलेली फळी काय करते ते वर सांगितलेच आहे. आखूड इंजिन लांब करण्याचे जोडही काही इंजिनांना मिळतात. पण त्यात नुसता शाफ्ट बदलून भागत नाही. बाहेरची मांडी, थंड पाण्याची नळी, गिअरची सळई, सगळेच लांब लागते. गावच्या वेल्डरकडून ते करून घेऊ नये.

वाळूवरचे माप झाले की होडी पाण्यात ढकला आणि खडू घ्या. रिकाम्या होडीत पिछाडीला पाणी कोठवर येते तेथे रेघ मारा. जाळे आणि माणसे मागे असताना दुसरी. आणि तिसरी, जी कोणीच मारीत नाही: दोन माणसे नाळेवर उभी राहून जाळे ओढीत असताना. त्या वेळी पिछाडी सर्वांत वर असते, आणि जाळे पंख्यात जाऊ नये म्हणून नेमके तेव्हाच इंजिनाला हळूच पुढेमागे करावे लागते. या तिसऱ्या रेघेच्या वेळीही पट्टीवर चार बोटे तरी पाणी हवे. तेवढे नसेल तर ओझे कोठे ठेवायचे, माणसे कोठे उभी करायची, याचा विचार इंजिन घेण्यापूर्वी करावा.

2022 साली आम्ही पुन्हा कर्ज काढले. या वेळी इंजिन पाहायला बाबांबरोबर मीही गेलो होतो. बाबांच्या खिशात टेप होती. दुकानातील मुलगा हॉर्सपॉवर, सिलिंडर, पेट्रोल यांविषयी बोलत होता. बाबांनी ते ऐकून घेतले, मग वाकून चिमट्यापासून पट्टीपर्यंत टेप लावली आणि मला आकडा वाचायला सांगितला. वीस. फळीची खाच त्याआधीच सुताराने बुजवली होती. दोन्ही बाजूंनी लाकूड, मधून बोल्ट, वरून फायबर. नवे इंजिन बसवून पहिल्या दिवशी आम्ही मुखापर्यंत गेलो, बाहेर गेलो नाही. काका नाळेवर उभे राहिले, मी त्यांच्याशेजारी, आणि बाबा पिछाडीवर ओणवे होऊन पट्टीवर किती पाणी आहे ते हाताने पाहत होते. बोटे भिजली, मनगटही थोडे भिजले.

त्यानंतर बाबांनी इंजिन बंद केले आणि वाळूच्या दांड्याकडे बोट दाखवून, पुढच्या ओहोटीला इथे किती पाणी राहील, हे काकांना विचारले.